तारीख बदलली म्हणून दोन दिवसांचे पैसे? खाजगी पार्किंगच्या वादातून बाहेर पडायची वाट

रात्री नऊ चाळीसला मी मिरजेतल्या एका दवाखान्याच्या आवारात गाडी लावली. सासऱ्यांच्या छातीत दुखत होतं, त्यांना सांगलीहून घेऊन आलो होतो. गेटवरच्या पोराने हातातल्या मशीनमधून टर्रकन पावती काढून दिली, ती मी न बघताच खिशात घातली. सकाळी सव्वासहाला मेडिक्लेमचं कार्ड आणायला घरी निघालो, तर पुढच्या चाकाला पिवळा जॅमर.

"सातशे झाले," गेटवरचे मामा म्हणाले. रात्रीचा पोरगा जाऊन आता हे आले होते.

"कशाचे?"

"दोन दिवसाचे दोनशे, आन् पाचशे रात्रीच्या मुक्कामाचा दंड."

"दोन दिवस कुठले? रात्री आलो, आत्ता निघालोय."

"तारीख बदलली न्हवं! तारीख बदलली की दुसरा दिवस धरतोय आम्ही. मला मालकानं सांगितलंय तसं सांगतोय मी."

शेवटी सातशे भरले. पण त्यातले सहाशे तीस चाळीसएक दिवसांनी परतही आले. मधल्या काळात मी ज्या चुका केल्या आणि जे शिकलो ते क्रमाने लिहितोय. माझं उदाहरण मिरजेचं असलं, तरी साताऱ्यात, कराडला, इस्लामपूरला कुठेही वाट हीच आहे. मिरजेला तर विजापूर-अथणीकडून पेशंट घेऊन आलेली मंडळी रात्र-रात्र गाडीत बसून असतात. त्यांना परत भांडायला येणंही जमत नाही. त्यांच्यासाठी पायरी क्रमांक आठ बघा.

१. आधी ओळखा, पैसे मागतंय कोण

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, आणि निम्मे लोक इथेच चुकतात. पार्किंगच्या नावाखाली पैसे मागणारे तीन प्रकारचे असतात.

पहिले वाहतूक पोलीस. रस्त्यावर नो पार्किंगमध्ये लावलेली गाडी उचलली किंवा मोबाइलवर ई-चलन आलं, तर तो सरकारी दंड. त्याची तक्रार महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर करायची. हा लेख त्याबद्दल नाही.

दुसरे महापालिकेचे, नगरपालिकेचे किंवा एसटीचे ठेकेदार. जागा सार्वजनिक, वसुली ठेक्याने. इथे दर ठेकेदार ठरवत नाही, तो ठरावात आणि करारनाम्यात लिहिलेला असतो. जास्त घेतले तर तक्रार थेट त्या कार्यालयात.

तिसरे निव्वळ खाजगी: दवाखाना, मॉल, मंगल कार्यालय, थिएटर किंवा कुणाचा मोकळा प्लॉट. इथे जो होतो तो तुमचा आणि चालकाचा करार. गेटवर बोर्ड आहे, तुम्ही तो वाचून आत आलात, पावती घेतलीत, झाला करार. खाजगी चालक त्या कराराप्रमाणे भाडं घेऊ शकतो. "दंड" हा शब्द तो बोर्डावर कितीही मोठ्या अक्षरात लिहो, सरकारी अर्थाने दंड ठोकायचा अधिकार त्याला नाही.

साताऱ्याकडे चौथाही प्रकार दिसतो, यात्रेतला. पालीच्या खंडोबाला किंवा एखाद्या गावच्या जत्रेला शेतात गाड्या लावतात, दोरी बांधून एक जण उभा असतो, ना बोर्ड ना पावती. तिथे एकच उपाय: चाक आत वळवायच्या आधी काच खाली करून "किती, आणि किती वेळाचे?" हे विचारायचं. जमलं तर बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड होऊ द्यायचं. नंतर काही सिद्ध करता येत नाही.

२. भांडण नंतर, फोटो आधी

मी पहिली पाच मिनिटं तावातावाने बोलण्यात घालवली. मामांचं ऐकायला आजूबाजूचे चार रिक्षावाले जमले, माझा आवाज चढला, त्यांचा चढला, हाती काही लागलं नाही. मग बायकोचा फोन आला, "आधी बोर्डाचा फोटो काढा आणि मग काय ते बोला." सगळ्या प्रकरणात सर्वात कामाचं वाक्य तेच ठरलं.

काढायचे फोटो असे:

दरफलक, पूर्ण, कडांसकट. एक फोटो जवळून अक्षरं वाचता येतील असा, आणि एक लांबून, गेट आणि आजूबाजूचं दिसेल असा. माझ्या वेळी बोर्ड एका उभ्या रिक्षाच्या मागे निम्मा झाकलेला होता. तो तसाच फोटोत आला ते बरंच झालं.

चाकाचा जॅमर आणि गाडीचा नंबर एकाच चौकटीत.

पावती, दोन्ही बाजूंनी. हे लगेच करा. मशीनमधून निघणारी ती गुळगुळीत कागदाची पावती उन्हात डॅशबोर्डवर ठेवली की अक्षरं उडतात. माझ्या पावतीवरची वेळ आठ दिवसांत इतकी फिकी झाली की टॉर्च मारून वाचावी लागली. मूळ पावती वहीत ठेवा, पाकिटात घामाला नको. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको.

पैसे भरले तर यूपीआयचा स्क्रीनशॉट, ज्यात घेणाऱ्याचं नाव दिसतं. त्या नावाचं पुढे फार काम आहे.

बोर्डावर माझ्या बाबतीत लिहिलं होतं: चारचाकी, पहिल्या ४ तासांना ₹३०, पुढे दर ४ तासांना ₹२०, पूर्ण २४ तासांना ₹१००. आता हिशोब करा. ९.४० ते ६.१५ म्हणजे ८ तास ३५ मिनिटं. पहिल्या चार तासांचे तीस, दुसऱ्या चारचे वीस, उरलेल्या पस्तीस मिनिटांसाठीही पूर्ण वीस धरले तरी सत्तर. मागितले सातशे. तारीख बदलण्याचा किंवा रात्रीच्या मुक्कामाचा एक शब्द बोर्डावर नाही आणि पावतीवरही नाही.

हा हिशोब तिथेच कागदावर मांडा. "जास्त घेतले" हे कुणीही म्हणतं. "₹६३० जास्त घेतले" म्हटलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

३. पैसे द्यायचे का नाही?

मित्र सांगतील, "अजिबात द्यायचे नाहीत, तत्त्वाचा प्रश्न आहे." तत्त्व खरं, पण आयसीयूच्या दारात तत्त्व घेऊन बसायला कुणाला वेळ असतो? माझं मत असं: बोर्डाप्रमाणे होतात तेवढे पैसे आधी पुढे करा. नाही घेतले आणि गाडी सोडत नसतील, तर घाई असल्यास सगळे भरा, पण हरकत नोंदवून भरा.

हरकत नोंदवायची म्हणजे काय? तीन गोष्टी. एक, यूपीआयने भरा आणि शेरा लिहायच्या जागेत "हरकतीसह, दर ७०" असं टाका. दोन, रोख भरत असाल तर सातशेची पावती मागा आणि तुमच्याकडच्या पावतीवर "हरकत राखून भरले" लिहून सही, वेळ घाला. त्यांनी सही केली नाही तरी चालतं. तीन, त्याच मिनिटाला घरच्या कुणाला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर घडलेलं चार ओळीत पाठवा. त्या मेसेजवर वेळ पडते, आणि नंतर "तेव्हा तर काही बोलले नव्हते" असं कुणाला म्हणता येत नाही.

पैसे न देता थांबायची तयारी असेल आणि ते गाडी सोडत नसतील, किंवा किल्ली काढून घेतली असेल, तर ११२ ला फोन करा. पोलीस बहुतेक वेळा म्हणतील की हे दिवाणी प्रकरण आहे. पैशाच्या हिशोबापुरतं त्यांचं खरंही आहे. पण माणसाला किंवा गाडीला अडवून ठेवणं ही वेगळी गोष्ट, आणि पोलीस नुसते येऊन उभे राहिले तरी जॅमर निघतो असा अनुभव बऱ्याच जणांनी सांगितला.

स्वतः मात्र जॅमर तोडायला जाऊ नका. माझ्याकडे डिकीत पाना होता आणि मोह झाला होता. जॅमर तुटला असता तर त्यांच्या हातात माझ्याविरुद्ध नुकसानीची तक्रार आली असती आणि सातशे रुपयांचं प्रकरण उलटं माझ्यावर फिरलं असतं.

गेटवरच्या माणसावरही राग काढू नका. ते मामा बारा तास उभे राहून पगारी नोकरी करतात. त्यांनी जे सांगितलं, "मालकानं सांगितलंय", तेच उलट आपल्या कामाचं आहे: हा नियम तोंडी आहे, बोर्डावर नाही.

४. पावती वाचायला शिका

पावतीवर चालकाचं नाव, पत्ता, पावती क्रमांक, तारीख, रक्कम हे असायला हवं. सेवेचं बिलच न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, त्यामुळे "पावती संपली" हे उत्तर त्यांनाच महागात जातं.

पावतीवर जीएसटी लावला असेल तर जीएसटी क्रमांक बघा. तो १५ अंक-अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते कळतं. कर घेतलाय पण क्रमांक छापलेला नाही, असं असेल तर पत्रात तेही लिहा. छोट्या चालकाची उलाढाल कमी असेल तर त्याला नोंदणी लागत नाही, पण मग त्याने जीएसटी घ्यायचाही नसतो.

माझ्या पावतीवर फक्त "पे अँड पार्क" छापलं होतं. यूपीआयला मात्र एका माणसाचं नाव आलं. मी दवाखान्याच्या ऑफिसात जाऊन सरळ विचारलं, "पार्किंगचा ठेका कुणाकडे आहे?" तिथल्या ताईंनी एका कागदावर नाव-पत्ता लिहून दिला. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

एक सावधगिरी. क्यूआरचा स्टिकर बोर्डावर छापलेला नसून वरून चिकटवलेला दिसला तर पैसे टाकण्याआधी नाव वाचा. दुसऱ्याचाच स्टिकर चिकटवून पैसे लाटायचे प्रकार होतात. तसं झालं असेल तर ते पार्किंगचं प्रकरणच नाही, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. आणि पैसे फास्टॅगमधून चुकीचे कापले गेले असतील तर आधी ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडे तक्रार नोंदवा.

५. "दंड" किती लागतो? तीन गैरसमज

पहिला: बोर्डावर लिहिलंय म्हणजे द्यावाच लागतो. "पावती हरवल्यास ₹५००" असे बोर्ड सगळीकडे आहेत. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. पावती हरवली तर चालकाचं खरं नुकसान काय? फार तर दिवसभराचं भाडं. गाडीची कागदपत्रं दाखवून, किती वाजता आलो हे कॅमेऱ्यात बघा म्हणून सांगता येतं.

दुसरा: मॉलमध्ये पार्किंग फुकटच असलं पाहिजे, कोर्टाने सांगितलंय. हा मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी फिरतो. तो निर्णय गुजरात उच्च न्यायालयाचा, २०१९ चा. सांगली-सातारा गुजरातेत नाही. आपल्याकडे इमारतीला किती पार्किंग सोडायचं हे राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. तिला २ डिसेंबर २०२० ला मंजुरी मिळाली. एखाद्या इमारतीच्या मंजूर नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेल्या जागेत दुकानं थाटली असतील तर ती नगररचना विभागाकडची वेगळी तक्रार आहे, पैसे परत मिळवायची नाही. दोन्ही एकाच अर्जात कालवू नका.

तिसरा: "गाडी मालकाच्या जबाबदारीवर" हा बोर्ड लावला की चालक मोकळा. दिल्लीतल्या एका हॉटेलात १९९८ मध्ये मारुती झेन चोरीला गेली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की किल्ली आणि गाडी ताब्यात घेतल्यावर नुसत्या अशा सूचनेच्या आडोशाने निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. तिथे हॉटेलच्या माणसाने गाडी लावायला नेली होती. आपण स्वतः लावून किल्ली खिशात घेऊन गेलो तर परिस्थिती थोडी वेगळी होते. पण गाडीला ओरखडा पडला, आरसा तुटला, तर बोर्ड बघून गप्प बसू नका.

६. पत्र लिहा, आणि दोघांना लिहा

माझी मोठी चूक इथे झाली. पहिलं पत्र मी रागात लिहिलं: दीड पान, त्यात "लूटमार", "पेशंटच्या मजबुरीचा फायदा", सगळं. वकील असलेल्या आतेभावाने वाचलं आणि म्हणाला, "अरे, यात किती पैसे परत पाहिजेत तेच लिहिलेलं नाहीस." मग दुसरं लिहिलं, ते हे:

"प्रति, चालक, पे अँड पार्क, (रुग्णालयाचे नाव) आवार, मिरज.
प्रत: व्यवस्थापक, (रुग्णालयाचे नाव), मिरज.

विषय: जादा आकारलेले ₹६३० परत मिळणेबाबत.

महोदय, माझी गाडी क्र. एमएच १०… दि. … रोजी रात्री ९.४० पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ६.१५ पर्यंत, म्हणजे ८ तास ३५ मिनिटे, आपल्या पार्किंगमध्ये होती. आपल्या दरफलकानुसार आकार ₹७० होतो. प्रत्यक्षात माझ्याकडून ₹७०० घेण्यात आले. गाडीस जॅमर लावल्याने ती रक्कम मी हरकत नोंदवून भरली आहे. तारीख बदलल्यास दुसरा दिवस धरण्याची अगर रात्रीच्या दंडाची कोणतीही अट फलकावर व पावतीवर नमूद नाही. तरी जादा घेतलेले ₹६३० हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावेत. अन्यथा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागावी लागेल व त्या खर्चाची जबाबदारी आपणावर राहील.

सोबत: पावती, भरणा स्क्रीनशॉट, दरफलकाचे फोटो यांच्या प्रती."

बस्स, इतकंच. स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती घ्या, पोस्टाची पावती आणि पत्राची सही केलेली प्रत जपा. दुसरी प्रत दवाखान्याला किंवा मॉलला पाठवणं अजिबात विसरू नका. ठेकेदाराला तुमच्या नाराजीचं फार वाटत नाही. ज्याच्या आवारात तो बसलाय त्याला मात्र वाटतं, कारण ठेका पुढच्या वर्षी द्यायचा की नाही हे तोच ठरवतो. माझ्या प्रकरणात पहिला फोन ठेकेदाराचा नाही, दवाखान्याच्या ऑफिसातून आला.

पत्रानंतर फोनवर वाद घालू नका. "लेखी कळवा" म्हणा. फोनवरचं गोड बोलणं तुमच्या फाइलीत लागत नाही.

७. १९१५

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं, आणि तक्रार क्रमांक मिळतो. फार अपेक्षा ठेवू नका. मोठ्या कंपन्या तिथे लवकर उत्तर देतात, गावातला ठेकेदार देईलच असं नाही, आणि हेल्पलाइन कुणाला आदेश देऊ शकत नाही. पण आपण आधी समजुतीने प्रयत्न केला हे त्या क्रमांकावरून दिसतं.

ठेका महापालिकेचा असेल तर याच टप्प्यावर माहिती अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, हे महाराष्ट्राचे नियम. "अमुक ठिकाणच्या पार्किंगचा ठेका करारनामा व मंजूर दरपत्रकाची प्रत मिळावी" एवढंच लिहा. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. "का" आणि "कसं" असे प्रश्न विचारू नका, कागद मागा. निव्वळ खाजगी चालकाला माहिती अधिकार लागू नाही, तिथे हा अर्ज वाया जातो.

८. ग्राहक आयोग: वाटतो तेवढा अवघड नाही

₹६३० साठी आयोगात कोण जातं, असं सगळेच म्हणतात. ठेकेदारही त्याच भरवशावर असतो. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात छोट्या माणसाच्या सोयीच्या काही गोष्टी आहेत.

सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे साताऱ्याच्या माणसाला पुण्यातल्या मॉलविरुद्ध साताऱ्यातच जाता येतं, आणि अथणीहून मिरजेला आलेल्याला त्याच्याच जिल्ह्यात. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. वकील लागतोच असं नाही, स्वतः उभं राहता येतं. ऑनलाइन दाखल करायला पूर्वी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आहे. घरच्या बाईमाणसाच्या नावाने पावती किंवा भरणा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा, महिलांना मोफत विधी साहाय्याला उत्पन्नाची अट नाही.

लागणारे कागद:

तक्रार अर्ज, घटनाक्रम तारीखवार
शपथपत्र
मूळ पावती व तिची छायाप्रत
भरण्याचा स्क्रीनशॉट किंवा बँक विवरण
दरफलक व जॅमरचे फोटो, छापून
पाठवलेलं पत्र, स्पीड पोस्टची पावती, पोच
१९१५ चा तक्रार क्रमांक
गाडीचं आरसी आणि तुमचं ओळखपत्र
कागदयादी, पानांना क्रमांक घालून

आता इथले खड्डे.

जाबदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, म्हणून ठेकेदार आणि आवाराचा मालक दोघांचीही नावं घाला. नुसतं "पे अँड पार्क" असं लिहिलंत तर नोटीस कुणाला बजावायची?

मागणी अवास्तव ठेवू नका. ₹६३० परत, त्यावर व्याज, तक्रारीचा खर्च आणि त्रासापोटी माफक रक्कम. "मानसिक त्रासापोटी पाच लाख" लिहिणाऱ्याचा मूळ मुद्दाही हलका होतो.

आणि एक खड्डा, जो आतेभावाने दाखवला नसता तर मी नक्की पडलो असतो. कायद्यात "अनुचित करार" अशी व्याख्या आहे, त्यात नुकसानीच्या मानाने अतोनात दंड लावणारी अटही येते. वाचून वाटतं, अरे हे तर अगदी आपलंच! पण अनुचित कराराच्या तक्रारी जिल्हा आयोगापुढे चालत नाहीत, त्या राज्य आयोगाकडे जातात. म्हणून जिल्ह्यात अर्ज करताना मुद्दा "अनुचित व्यापारी प्रथा" आणि "सेवेतील त्रुटी" असा मांडायचा: फलकावर एक दर, वसुली दुसऱ्या दराने, अट नसताना दंड. शब्द बदलला नाही तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढतो.

नोटीस मिळाल्यावर जाबदाराला म्हणणं द्यायला ३० दिवस, आणि आयोगाने दिले तर आणखी १५. कायद्यात निकालाला तीन महिन्यांचं उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात तारखा पडतात. मध्यस्थीने मिटवायची सोयही आहे, आणि सहाशे-सातशेच्या प्रकरणात तीच बरी.

मला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. अर्जाचा कच्चा मसुदा तयार करून मी त्याची प्रत ठेकेदाराला आणि दवाखान्याला पाठवली, "येत्या सोमवारी दाखल करत आहे" एवढी एक ओळ वर लिहून. शनिवारी ठेकेदाराचा फोन आला.

९. पैसे परत देतो म्हणाले तर

"साहेब, पोरांच्या गैरसमजातून झालं. सहाशे टाकतो, तुम्ही तक्रार नाही असं लिहून द्या."

मी म्हटलं, सहाशे तीस. तीस रुपयांसाठी का अडलो असं वाटेल, पण सहाशे घेतले असते तर त्या दिवसाचा आकार शंभर ठरला असता, म्हणजे "एक दिवस" धरायची त्यांची पद्धत मी मान्य केली, असा अर्थ निघाला असता. बोर्डाप्रमाणे सत्तर, तर परत सहाशे तीस.

लिहून देताना क्रम महत्त्वाचा. आधी पैसे खात्यात, मग कागद. कागदावर फक्त इतकंच: "दि. … च्या पावती क्र. … संदर्भात जादा घेतलेले ₹६३० आज यूपीआयने परत मिळाले. या रकमेबाबत माझी तक्रार राहिली नाही." "भविष्यात कोणतीही तक्रार करणार नाही" किंवा "माझी तक्रार चुकीची होती" असं छापलेलं काही पुढे केलं तर सही करू नका. त्यांनी माझ्यापुढे ठेवलेल्या कागदात हे दुसरं वाक्य होतं. मी ते पेनाने खोडलं, बाजूला सही केली, आणि कागदाचा फोटो काढून मगच त्यांच्या हातात दिला.

सासरे घरी येऊन मग महिना झाला होता. तपासणीला परत गेलो तेव्हा बोर्ड बघितला. सगळ्यात खाली, ताज्या लाल रंगात एक ओळ वाढलेली: "रात्री १२ नंतर नवीन दिवस धरला जाईल." तिचाही फोटो काढला आणि गाडी बाहेर, जरा लांब, पण योग्य जागी लावून चालत आत गेलो.